माघातली गच्ची, फाल्गुनातली पेरणी

पुण्यात 22 डिसेंबरच्या सुमारास, सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी असताना, गच्चीच्या एक मीटर उंच दक्षिण कठड्याची सावली जवळजवळ 90 सेंटीमीटर आत येते. 21 मार्चला हीच सावली 33 सेंटीमीटरवर आलेली असते आणि मेच्या मध्यावर सूर्य थेट माथ्यावर आल्याने ती नाहीशी होते. घरची बाग उभी करण्याची इच्छा बहुतेकांना जानेवारी-फेब्रुवारीत होते आणि बहुतेक जण पहिली धाव बियाण्यांच्या दुकानाकडे घेतात. आमच्या मते पहिले दोन आठवडे या सावलीसाठी राखून ठेवावेत. सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता ऊन कुठवर येते, हे खडूने रेघ ओढून पाहावे. फळभाज्यांना सहा तासांचे थेट ऊन लागते. पालेभाज्यांचे तीन-चार तासांत भागते.

सदनिकेच्या सज्जात ही पाहणी अधिक सावधपणे करावी लागते. दक्षिणेकडे तोंड असलेला सज्जा जानेवारीत दिवसभर उन्हात न्हाऊन निघतो. पण सूर्य जसजसा उत्तरेकडे सरकतो, तसतसे ते ऊन काढता पाय घेते आणि एप्रिलअखेर, वरच्या मजल्याचा सज्जा डोक्यावर असेल तर, कुंड्यांपर्यंत जेमतेम पोहोचते. जानेवारीचे ऊन पाहून तिथे काकडीचा वेल लावणाऱ्याला वेल नुसताच लांबत जातो आणि फळ का धरत नाही, हे कोडे पडते. अशा सज्जात लाल माठ, पुदिना आणि आळू यांच्यावर समाधान मानावे. पूर्वेचा किंवा पश्चिमेचा सज्जा वर्षभर त्या मानाने भरवशाचा असतो.

ऊन ठरले की मातीचा प्रश्न येतो आणि इथे ऋतू स्वतःहून मदतीला येतो. माघ-फाल्गुनात पिंपळ, कडुनिंब, वर्षावृक्ष आणि बदाम यांची पानगळ सुरू असते, त्यामुळे शहरातल्या रस्त्यांच्या कडेला पालापाचोळ्याचे ढीग साचतात. दुर्दैवाने त्यांतले काही आजही काडी लावून संपवले जातात. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये देशभर बंदी घातली आणि त्यासाठी 5,000 रुपयांचा दंडही ठरवला. तरीही झाडणाऱ्याला सकाळी लवकर गाठून दोन पोती पाला मागून घेणे, हाच पाला वाचवण्याचा आणि मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. याच सुमारास रसवंतीगृहे सुरू होतात आणि उसाचे चिपाड तिथे बहुधा फुकट मिळते. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाच्या माध्यमातून हेच काम महाराष्ट्रभर समजावून सांगितले: विकतच्या खतापेक्षा आसपासच्या वाळल्या पानांकडे आणि काडीकचऱ्याकडे आधी पाहावे.

गच्चीवर पाल्याला महत्त्व येते ते वजनामुळेही. एक घनफूट ओली माती सुमारे 50 किलो भरते आणि असे वीस घनफूट एका कोपऱ्यात रचले की एक टन भार होतो. गच्ची कोणाच्या मालकीची, यावरून सोसायटीत होणाऱ्या वादाआधी हा हिशेब झालेला बरा. मोठ्या कुंड्या आणि ड्रम खांब व तुळयांच्या रेषेत ठेवावेत, ते विटांवर उचलून घ्यावेत आणि खालून पाणी मोकळेपणाने वाहून जाईल असे पाहावे. कुंडीच्या तळाशी चिपाड आणि नारळाच्या शेंड्या दाबून भराव्यात, त्यावर हाताने चुरलेला सुका पाला घालावा, आणि वरच्या पंधरा सेंटीमीटरच्या थरात पोयट्याची माती, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत व मूठभर निंबोळी पेंड एकत्र करून घालावी. पाला कुजू लागला की महिन्याभरात कुंडी चार बोटे खचते. हे अपेक्षितच असते, वरून खताची भर घालत राहावे. मात्र यंदा गोळा केलेला पाला यंदाच्या पेरणीसाठी खत म्हणून वापरता येत नाही. तीन भाग सुका पाला आणि एक भाग स्वयंपाकघरातला ओला कचरा असा ढीग घालून तो ओलसर ठेवला आणि अधूनमधून वरखाली केला, तर त्याचे खत व्हायला दोन ते तीन महिने लागतात. म्हणजे आज साठवलेला पाला पावसाळी लागवडीच्या कामी येईल. आंब्याची पाने त्याहूनही हट्टी असतात, ती वेगळी ठेवावीत.

आता पेरणीची वेळ. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असे घरोघरी म्हटले जाते आणि देशावरच्या बागेसाठी हा ठोकताळा उपयोगी पडतो. पुण्यात फेब्रुवारीतही रात्री पारा 12-13 अंशांवर असतो. भेंडीचे बी मात्र माती 17 अंशांच्या खाली असताना जवळपास उगवतच नाही. थंड, ओल्या मातीत पडून राहिलेले बी कुजते आणि दोष बियाणे विकणाऱ्याच्या माथी जातो. कोकणात आणि गोव्यात रात्री उबदार असल्याने जानेवारीतच पेरता येते. नागपूरकरांची अडचण याच्या उलट आहे: तिथे एप्रिलच्या मध्यापासूनच पारा चाळिशीवर टेकू लागतो, त्यामुळे फेब्रुवारीचा मध्य ओलांडू न देता पेरणी उरकून उन्हाळ्याआधी झाडे मोठी करून घ्यावी लागतात.

बारा तास पाण्यात भिजवलेले भेंडीचे बी बोटात धरून पाहिले, तर ते टपोरे झालेले, मातकट हिरवट रंगाचे आणि किंचित बुळबुळीत लागते. बोटाच्या पहिल्या पेराइतके खोल, दोन-दोन बिया एका ठिकाणी टाकून वरून माती हलकेच दाबावी आणि झारीने पाणी द्यावे. पाचव्या-सहाव्या दिवशी माती भेगाळते आणि वाकलेली मान आधी वर येते. बियांची टोपी अजून पानांवर अडकलेली असते आणि ती ओढून काढण्याचा मोह टाळावा. दोन्ही रोपे उगवली तर अशक्त रोप उपटू नये, कात्रीने कापावे, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का बसत नाही. कारल्याचे बी टणक असते, ते चोवीस तास भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवावे. वेलवर्गीय रोपांना उपटून लावणे मानवत नाही, म्हणून त्यांचे बी थेट ड्रममध्ये किंवा बुडाला भोक पाडलेल्या करवंटीत टाकावे आणि ती करवंटी फोडून रोप मातीच्या गोळ्यासकट हलवावे.

काय लावावे, याबाबत आमचे मत थोडे रूक्ष वाटेल. नवख्या माणसाला टोमॅटो लावण्याची घाई असते. पण फेब्रुवारीअखेर पेरलेल्या टोमॅटोचे रोप चार आठवड्यांनी हलवले जाते, त्यानंतर तो फुलावर येईपर्यंत एप्रिल निम्मा सरतो, आणि दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर टिकले की ही फुले फळ न धरताच गळतात. टोमॅटोचा हट्ट असेलच, तर फेब्रुवारीच्या सुरुवातीस नर्सरीतून तयार रोपे आणावीत. मेथी आणि पालक यांचाही हंगाम सरत आलेला असतो; त्यांच्या जागी माठ, अंबाडी आणि चवळी उन्हाला तोंड देतात. भेंडी, गवार, मिरची, वांगे, काकडी, दोडका आणि कारले ही उन्हाळ्याची खरी पिके होत. भेंडी लावायची तर किमान दहा-बारा झाडे लावावीत, कारण दोन-तीन झाडांवर एका वेळची भाजी कधीच एकदम निघत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी क्रांती' हा वाण पिवळ्या शिरांच्या केवडा रोगापुढे बऱ्यापैकी तग धरतो; संकरित नसल्याने त्याचे बी पुढच्या वर्षासाठी राखूनही ठेवता येते.

केवडा पसरवणारी पांढरी माशी मार्चच्या उष्म्यात वाढते. पानांची खालची बाजू दर दोन दिवसांनी पाहावी, पिवळे चिकट सापळे टांगावेत आणि कुटलेली निंबोळी 50 ग्रॅम रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी. मिरचीची पाने वर वळून आक्रसू लागली, तर तो बहुधा फुलकिड्यांचा उपद्रव असतो. पाण्याचे वेळापत्रक लावून घेण्यापेक्षा बोट दोन पेरे खोल घालून पाहावे: माती ओलसर, तरीही भुसभुशीत, म्हणजे वाफशावर असेल, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कुंडीवर पाल्याचे चार बोटे आच्छादन असले, तर पाणी देण्याचा दिवस बऱ्याचदा लांबतो.

वेल मांडवावर चढले की पहिली फुले केवळ नराची येतात आणि गळून जातात; त्यात काही बिघडलेले नसते. मादी फूल मागच्या चिमुकल्या फळावरून ओळखावे. वरच्या मजल्यांवर मधमाश्या फिरकत नसतील, तर नर फूल खुडून, पाकळ्या मागे दुमडून, त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलके टेकवावेत. काकडी आणि कारल्यासाठी हे काम सकाळी करावे; दोडका आणि दुधीची फुले मात्र सायंकाळी उमलतात, त्यामुळे दिवसा त्यांच्याकडे कितीही लक्ष दिले तरी उपयोग होत नाही. फळ धरलेला दोडका आठवडाभरात काढण्याजोगा होतो. त्याहून फार उशीर झाला, तर शिरा कडक होतात आणि आत जाळी धरते.