बांधावरची बाटली

(दृश्य: सकाळ. उसाचा बांध, पाठीवर पंप घेतलेला माणूस, मागे उंच इमारती.)

पुण्यात हडपसरच्या पुढचं मांजरी गाव. अलीकडे ऊस आणि रोपवाटिका, पलीकडे सोसायट्या. मधल्या बांधावर कुत्र्या-मांजरांची दिवसभर ये-जा.

बांधावर तणनाशक मारतात. कधी ते पॅराक्वाट असतं. गवत दोन दिवसांत करपतं आणि खुरपणीची मजुरी वाचते. दुकानात मागताना त्याला ‘औषध’च म्हणायचं. हे १९६२ पासून बाजारात आहे. युरोपीय संघात २००७ पासून बंद. आपल्याकडे मिळतं.

(दृश्य: विहिरीजवळ आडवी पडलेली बाटली.)

जमिनीवर पडलेलं पॅराक्वाट माती घट्ट धरून ठेवते. धोका आहे तो अशा बाटलीत, द्रावण कालवलेल्या बादलीत आणि पंपाखाली साचलेल्या थारोळ्यात. बाटलीतलं द्रावण २४ टक्के तीव्रतेचं असतं. दहा किलोच्या कुत्र्याचा जीव जायला त्यातलं अर्धा चमचासुद्धा पुरेल. मांजर तर पंजे चाटूनच पोटात घेतं.

पहिल्या दिवशी उलट्या, लाळ, जिभेवर फोड. पाठोपाठ मूत्रपिंडांवर ताण. सलाइन लागतं, जनावर जरा मान वर करतं, घरचे म्हणतात, सुटलं बुवा.

इथेच फसगत होते.

फुफ्फुसाच्या पेशी पॉलिअमाइन नावाची द्रव्यं रक्तातून ओढून घेतात. पॅराक्वाटची ठेवण तशीच, त्यामुळे त्यालाही दार उघडं. आत गेल्यावर ते ऑक्सिजनपासून पेशी जाळणारी घातक रूपं बनवतं, आणि स्वतः संपत नाही. तोच रेणू पुन्हा कामाला लागतो. दोन-तीन दिवसांनी, कधी आठवड्याने धाप लागते. तोवर मऊ फुफ्फुसाच्या जागी चिवट, तंतुमय ऊतक तयार होऊ लागलेलं असतं.

(दृश्य: दवाखाना. टेबलावर धापा टाकणारं कुत्रं.)

धाप दिसली की कुणाचाही हात ऑक्सिजनकडे जाणार. इथे तो आगीत तेल ठरतो, म्हणून अगदीच गत्यंतर नसेल तेव्हाच देतात. उतारा नाही. जे काही हाती असतं ते पहिल्या काही तासांत: विष शोषून धरणारा सक्रिय कोळसा, किंवा फुलर्स अर्थ, म्हणजे आपली मुलतानी माती. पण हे डॉक्टरांनी द्यायचं, घरच्या डब्यातून नाही.

लघवीची एक साधी चाचणी आहे. सोडिअम डायथायोनाइट घातलं की पॅराक्वाट असलेली लघवी निळी होते. पण ती करायला आधी शंका तर यायला हवी.

म्हणून दवाखान्यात निघताना बांधावरची बाटलीही घ्या. हातमोजे घालून, पिशवीत बांधून. निदान लेबलचा फोटो तरी काढा. धाप लागायच्या आत तो डॉक्टरांना दिसू दे.