जयनगर ते जनकपूर: पंधरा मिनिटं पुढे

हे जयनगर, बिहारच्या मधुबनी जिल्ह्यातलं. इथून जी गाडी सुटते ना, ती थोड्याच वेळात नेपाळात शिरते आणि तुम्ही खिडकीला नाक लावून बसलात तरी देश नक्की कुठे बदलला ते कळत नाही, तीच भाताची शेतं, तीच तळी, तीच मैथिली. बदलतं ते घड्याळ. नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे.

लाइन 1937 ची, तेव्हा नॅरोगेज. 2014 ला बंद पडली, ब्रॉडगेज होऊन परत सुरू व्हायला 2022 चा एप्रिल उजाडला. पण गाडी नव्हती म्हणून येणंजाणं थोडंच थांबतंय, सीमा उघडी, पासपोर्ट नाही व्हिसा नाही, लोक सायकलवरून जातात.

आपल्याकडे रोटीबेटी व्यवहार म्हटलं की जातीपातीच्या गोष्टी आठवतात, इथे तोच शब्द दोन देशांसाठी वापरतात. लेक पलीकडे दिलेली, सून पलीकडून आणलेली. आणि पहिली सोयरीक कुणाची, तर सीतेची! माहेर जनकपूर, सासर अयोध्या. दरवर्षी विवाहपंचमीला जनकपुरात त्यांचं लग्न लागतं, आणि तिथलं जानकी मंदिर बांधलंय टीकमगडच्या राणीने, म्हणजे पैसा थेट बुंदेलखंडातून आलेला.

बाजारात भाव विचारा, उलटा प्रश्न येतो, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी नेपाळी. आपल्या शंभराचे त्यांचे एकशेसाठ, 1993 पासून हाच दर, त्यामुळे भाजीवालीला पण कॅल्क्युलेटर लागत नाही.

सगळं गोडगोड नाहीये हं. 2015 ला नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईतले, म्हणजे सीमेलगतच्या सपाट पट्ट्यातले मधेसी लोक त्यात आपल्याला डावललं म्हणत रस्त्यावर उतरले आणि रक्सौल-वीरगंजचा सीमेवरचा नाका काही महिने ठप्प झाला, काठमांडूत गॅस नाही, पेट्रोल नाही. नेपाळ म्हणे भारताने नाकेबंदी केली, भारत म्हणे आम्ही नाही केली. मरण मधल्यामध्ये मधेसी माणसाचं, त्याला काठमांडूत आधीच 'इंडियन' म्हणून टोमणे. पुढे 2019 ला बिहारच्या मोतिहारीहून नेपाळातल्या अमलेखगंजला 69 किलोमीटरची पाइपलाइन झाली, डिझेल आता त्यातून जातं.

आणि हा भन्सार, म्हणजे नेपाळचं कस्टम. एका बाईची पिशवी उघडलीये. मखाना, लोणच्याची बरणी, कोऱ्या दोन साड्या. विकायला नेताय का? बाई साडीची घडी नीट करत म्हणते, नैहरचं आहे.

नैहर म्हणजे माहेर.