तोंडओळख

नमस्कार श्रोतेहो. मी एसटीचा रिटायर कंडक्टर. ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. रोजच्या जगण्यातलं सुख या विषयावर बोला म्हणून मला बोलावलंय, आणि विषय ऐकल्यावर दोन दिवस मी हाच विचार करत होतो की एवढ्या वर्षांत मला सुख नेमकं कुठं मिळालं. घरात मिळालंच, बायकोमुलांमुळं मिळालं, पण त्यावर सगळेच बोलतात. मला आज तोंडओळखीबद्दल बोलायचंय. आपण किती सहज म्हणतो बघा, "छे हो, नुसती तोंडओळख आहे." त्या 'नुसती' शब्दाबद्दल माझी तक्रार आहे.

आमची ड्यूटी फिरती असायची, पण मोरणा खोऱ्यातल्या एका मुक्कामी गाडीवर मी सगळ्यात जास्त राहिलो. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, मुक्कामी गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावाला जाऊन तिथंच थांबणारी आणि पहाटे तिथूनच निघणारी गाडी. रात्री साडेआठला पोचायचो, ड्रायव्हर आणि मी देवळाच्या ओवरीत नाहीतर गाडीतच सीटवर पाठ टेकायचो, आणि सकाळी सहाला डबल बेल. दुधाच्या किटल्या, बाजाराची गाठोडी, पासवाली शाळेची पोरं, आणि माझ्या सीटशेजारी डबे. पाटणला शिकायला खोली घेऊन राहिलेल्या पोरांचे डबे त्यांच्या आया गाडीनं पाठवायच्या. सगळे डबे सारखेच, स्टीलचे, मग ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाच्या कडीला चिंधी बांधलेली. कुणाची हिरवी, कुणाची जुन्या लुगड्याच्या काठाची. मी एकाही पोराचं आडनाव कधी विचारलं नाही पण चिंधी बघून पोर कळायचं आणि स्टँडवर पोर दिसलं की चिंधी आठवायची.

एकदा लुगड्याच्या काठाचा डबा आलाच नाही. पोरगं स्टँडवर उभं, मी मान हलवली, ते काही न बोलता गेलं. रात्री गावात गेल्यावर चौकशी केली तर त्याची आई तापानं फणफणलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारीण डबा घेऊन आली, डबा तिचा होता पण चिंधी तीच बांधलेली. "कंडक्टर, पोराला घाबरवू नका, म्हणावं आता उतार आहे." हे एवढं एक वाक्य मी पाटणपर्यंत जपून नेलं. त्या पोराचं माझं नातं काय, तर काहीच नाही. पण त्या सकाळी माझ्या नोकरीला जो अर्थ होता तो पगाराच्या दिवशीसुद्धा नसायचा.

सुट्ट्या पैशांचं पण तसंच. सुट्टे नसले की आम्ही राहिलेले पैसे तिकिटाच्या मागं लिहून द्यायचो, उतरताना घ्या म्हणून. कुणी विसरून उतरायचं, मग आठवड्यानं तेच माणूस गाडीत दिसलं की मी आधी पैसे हातावर ठेवायचो आणि ते म्हणायचं, तुमच्या लक्षात होतं होय! एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगर ते पुणे धावली, तेव्हापासून किती लाख वेळा हे असं झालं असेल, त्याची कुठल्या वेबिलात, म्हणजे आमच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदात, नोंद नाही.

मग रिटायर झालो आणि पुण्याला मुलाकडं आलो. फ्लॅट चांगला आहे, अकरावा मजला, वारा येतो, मुलगा सून दोघंही जीव लावतात, कशाची म्हणून कमी नाही. तरी दोन-तीन महिन्यांत मी आतून सुकायला लागलो. भूक लागेना. मला वाटलं गावची आठवण येतेय, सुनेला वाटलं बीपी वाढलं असेल, तपासून घेतलं तर सगळं नॉर्मल. दूध ॲपवरून यायचं, पहाटे दाराला पिशवी लटकवून जायचा तो कोण हे मी पाहिलं नव्हतं, भाजीसुद्धा मोबाईलवरून, लिफ्टमध्ये सगळ्यांच्या माना खाली. दिवसच्या दिवस घरच्या चार माणसांशिवाय कुणाशी शब्द नाही. आणि मला कळत नव्हतं की हीच ती गोष्ट आहे, कारण 'मला अनोळखी लोकांची आठवण येते' असं कोण म्हणतं?

ते मला माझ्या नातीनं उलगडून दाखवलं. ती सायकॉलॉजी शिकते. तिनं जिलियन सँडस्ट्रॉम नावाच्या संशोधक बाईंबद्दल सांगितलं. या बाई कॅनडात टोरंटोला शिकत असताना वाटेवर एक हॉटडॉगची गाडी लागायची, गाडीवरच्या बाईशी नुसतं हसणं, हात करणं, एवढंच. पण ती बाई दिसली की यांना आपण इथले आहोत असं वाटायचं. मग पुढं त्यांनी एलिझाबेथ डन यांच्याबरोबर यावर अभ्यासच केला, तो २०१४ साली छापून आला. लोकांना दोन-दोन काउंटर दिले, आपल्याकडं नामजप मोजायला बोटात घालतात ना साधारण तसले, एक जवळच्या माणसांशी बोलल्यावर दाबायचा आणि दुसरा तोंडओळखीच्या माणसांशी बोलल्यावर. तर ज्या दिवशी एरवीपेक्षा जास्त तोंडओळखीची माणसं भेटली त्या दिवशी लोकांना जास्त बरं वाटलेलं निघालं. त्याच वर्षी शिकागोच्या लोकल गाड्यांमधला पण एक अभ्यास आला, तिथं काही प्रवाशांना सांगितलं की शेजारच्याशी बोला आणि काहींना सांगितलं गप्प बसा. बोललेल्यांचा प्रवास जास्त चांगला गेला, आणि गंमत बघा, आधी विचारलं तर लोकांचा अंदाज बरोब्बर उलटा होता, की गप्प बसलेलं बरं. हे ऐकून मी नातीला म्हणलं, बाळा, हे मला आमच्या गाडीतल्या कुठल्याही आज्जीनं सांगितलं असतं.

आता याचा अर्थ दिसेल त्याच्याशी बोलत सुटावं असं मी म्हणत नाही. एकट्यानं प्रवास करणाऱ्या बाईमाणसाला कुणी उगीच बोलायला लागलं तर काय वाटतं ते मी ३१ वर्षं बघितलंय, समोरच्याला नको असेल तर गप्प राहणं हाच मान. आणि ज्याचं मन खरंच खोल बुडालंय त्याला असल्या गप्पांनी भागत नाही, त्यानं डॉक्टरकडं जावं, सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात, लिहून ठेवा.

माझं म्हणाल तर मी दूध ॲपवरून बंद करायला लावलं. सून म्हणाली बाबा कशाला पायपीट, मी म्हणलं पायपिटीसाठीच. सकाळी डेअरीवर जातो, येताना वॉचमनला रामराम, तो लातूरकडचा आहे, गावाकडं पाऊस झाला का एवढं विचारलं तरी त्याचा चेहरा खुलतो. पहिले पंधरा दिवस जड गेले हे खरं, समोरचा बघतच नाही, आपणच मूर्खासारखे हसतोय असं वाटायचं. मग एक दिवस लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरची एक छोटी मुलगी आपण होऊन म्हणाली, आजोबा आज उशीर? बस्स, त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.

आमच्या गेटबाहेर पाटीत भाजी घेऊन एक बाई बसते. तिच्याकडं सगळे मोबाईल दाखवून पैसे देतात, मी रोख देतो, कारण सुट्टे मोजेपर्यंत चार शब्द होतात. आज सकाळी इकडं यायच्या गडबडीत मेथीची जुडी घेतली आणि आठ रुपये कमी पडले. मी जुडी परत ठेवायला लागलो तर तिनं ती उचलून माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या काका, उद्या द्या की, तुम्ही काय येणार न्हाई व्हय?"

बसच्या तिकिटामागं मी ते आठ रुपये लिहून खिशात ठेवलेत.