थाळी, दोरी आणि १४४० आकडे

(दृश्य : नेरूळची सारसोळे जेट्टी, भर दुपार. पाण्यात उतरणारी एक थाळी.)

ही जेवणाची थाळी आहे. घरातून आणलेली, काठाला पोचे आलेली. ऑइलपेंटने तिचे चार भाग रंगवलेत, दोन पांढरे, दोन काळे. मधोमध भोक, भोकातून दोरी, खाली वजनाला नटबोल्ट, आणि दोरीला दर पाच सेंटिमीटरवर एक गाठ. थाळी पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. पाणी किती गढूळ, ते कळतं. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून हेच केलं होतं.

दोरी धरलेली मुलगी इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. तिच्यासोबत आणखी तिघं. त्यांच्या प्रोजेक्टमध्ये थाळी कुठेच नव्हती. प्रोजेक्ट होता पाण्याचा गढूळपणा मोजणाऱ्या सेन्सरचा.

(दृश्य : कॉलेजची लॅब. टेबलावर सोल्डरिंग गन, पीव्हीसी पाइप, वायरी.)

मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षापासून मिनी प्रोजेक्ट आला. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात पैसे मोजले की तयार प्रोजेक्ट मिळतो, ब्लॅक बुकसकट, म्हणजे छापील अहवालासकट, आणि हे सगळ्यांना माहीत असतं. लॅबच्या जर्नलचंही तेच. प्रयोगाचं उत्तर आधीच ठाऊक. रीडिंग जुळलं नाही, तर पुढच्या बाकावरचं उतरवायचं.

या चौघांनी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर जाऊन सुटे भाग आणले. एक एलईडी, तिच्याशी काटकोनात एक फोटोडायोड, म्हणजे उजेड टिपणारा भाग. पाण्यात गाळाचे कण असले की प्रकाश त्यांच्यावर आपटून बाजूला विखुरतो. जितका गाळ जास्त, तितका फोटोडायोडवर उजेड जास्त. सोबत ईएसपी३२ नावाचा छोटा कंप्युटर-बोर्ड, मेमरी कार्ड, लिथियमचा सेल. सगळं पाइपात कोंबलं, तोंडाला पारदर्शक काच बसवली आणि फटी एम-सीलने बंद केल्या. दर पंधरा मिनिटांनी एक रीडिंग, दिवसाला ९६.

(दृश्य : जेट्टीचा खांब, त्याला बांधलेला पाइप. खाली चिखल.)

ठाणे खाडीचा ऐरोली आणि वाशी पुलांमधला पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. तिथे परवानगीशिवाय काही टांगता येत नाही. म्हणून ही मंडळी वाशी पुलाच्या दक्षिणेला, सारसोळ्याला आली. पाइप खांबाला बांधला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आकडे पाहिले. मध्यरात्रीनंतर खाडीचं पाणी बाटलीबंद पाण्याइतकं स्वच्छ! चौघंही खूश. जेट्टीवर जाळं विणत बसलेल्या एका काकांनी ऐकलं आणि हसायला लागले.

“पोरांनो, तवा ओहोटी होती. तुमचा पाइप हवेत लटकत होता.”

काकांनी मग एक हिशेब दिला. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत तो कुणी शिकवत नाही. कोकणातल्या किनाऱ्यावर मात्र जुन्या लोकांच्या तोंडी असतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती, बारा वाजता ओहोटी. द्वितीयेला दीड. खाडीत आत पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तेवढा धरायचा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून पाऊण तासाचा हा आडाखा चालतो. मुलांच्या मोबाइलमध्ये भरतीचं अ‍ॅप होतं. उघडलेलं नव्हतं.

पाइप मग तरंगत्या कॅनला बांधला आणि काकांच्या ओळखीने होड्यांच्या वाटेवर, जिथे ओहोटीतही पाणी राहतं, तिथे नांगरला.

पुढची चूक उन्हाची. दिवसा गढूळपणा जास्त, रात्री कमी. फोटोडायोडला एलईडीचा उजेड आणि सूर्याचा उजेड सारखाच! उपाय साधा निघाला : आधी एलईडी बंद ठेवून रीडिंग, मग चालू करून, आणि पहिलं दुसऱ्यातून वजा.

(दृश्य : लॅपटॉपवर आलेख. रेघ वरखाली होत हळूहळू चढत जाते.)

हा शुद्ध द्वितीयेपासून वद्य द्वितीयेपर्यंतचा पंधरवडा. १४४० आकडे. भरती-ओहोटीचे चढउतार सुरेख दिसतात : अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, गाळ उसळतो, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती, पाणी निवांत. पण सगळी रेघच वर वर चालली आहे. शेवटचा आकडा पहिल्याच्या दुपटीवर. खाडी पंधरा दिवसांत दुप्पट गढूळ झाली?

एकाने सादरीकरणाची पहिली पाटीसुद्धा तयार केली. एमआयडीसीचा फोटो, खाली लाल अक्षरं.

थाळी आली ती इथे. खरं तर गाइड मॅडमच्या हट्टामुळे पहिल्या दिवसापासून रोज सोडली जायची, आणि त्यांच्या मागे तिची थट्टाही व्हायची. वही उघडली. शुद्ध द्वितीया, दुपारची भरती : सहावी गाठ. वद्य द्वितीया, तीच भरती, तेवढंच ऊन : सहावी गाठ.

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. आणि थाळीत बिघडण्यासारखं काही नव्हतं.

(दृश्य : पाइप बाहेर काढतात. काचेवर बोट फिरवतात.)

काचेवर बुळबुळीत, हिरवट थर. एका बादलीत खाडीचं पाणी घेतलं. पाइप तसाच बुडवून रीडिंग, काच पुसून पुन्हा त्याच पाण्यात रीडिंग. आकडा निम्म्यावर आला.

गढूळ झाली होती ती काच.

“बोटीचं बूड आम्ही का खरवडतो मग?” काका म्हणाले. त्यांना यात नवल वाटलं नाही.

ती पाटी कुणीतरी गुपचूप डिलीट केली. त्या रात्री चौघांच्या ग्रुपवर बराच वेळ शांतता होती. सबमिशन तीन आठवड्यांवर. पहिले काही दिवस ठेवून बाकीचे आकडे गाळून टाकले असते, तर कुणाला कळलंही नसतं. हा विचार आला होता, असं त्यांच्यातलाच एक कॅमेऱ्यासमोर सांगतो. बाकीचे तिघे त्याच्याकडे बघत नाहीत.

त्यांनी गाळले नाहीत. उलट प्रोजेक्टचा प्रश्नच बदलला : काचेवर थर किती दिवसांत चढतो, आणि तो थोपवता येतो का? तांबं पाण्यातल्या चिकटणाऱ्या जीवांना सोसत नाही, म्हणून जहाजांच्या तळाच्या रंगात ते वापरतात. आता दोन पाइप आहेत, हुबेहूब सारखे. एकाच्या काचेभोवती तांब्याची पट्टी, दुसऱ्याभोवती काही नाही. दोन्ही एकाच कॅनला, एकाच खोलीवर.

(दृश्य : पुन्हा जेट्टी. दोरी आता सेकंड इयरच्या एका मुलाच्या हातात.)

आज वद्य तृतीया. भरती सव्वादोनची. थाळी खाली जाते.

“सहा,” मुलगा म्हणतो.

“दोरी तिरकी आहे,” ती म्हणते. “वर घे. परत सोड.”