आधी कामाचा कागद, मग बाई

मंडळी, आपल्याकडे आई-वडील रावेर-यावलला, शिरपूर-शहाद्याला आणि मुलं पुण्याला नाहीतर सुरतेला, असं चित्र घरोघरी आहे. वडील पडतात, खुब्याचं ऑपरेशन होतं, आणि दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या दिवशी फोनाफोनी सुरू होते, ‘एखादी बाई बघा.’ बाई नेमकी कशाला हवी, हे मात्र कोणीच ठरवलेलं नसतं.

म्हणून आधी चोवीस तासांचं काम कागदावर लिहा. संडासला स्वतः जातात की धरावं लागतं? रात्री किती वेळा उठतात? गोळ्या आठवणीने घेतात का? लघवीची नळी आहे? एवढं लिहिलं की अर्धा निर्णय झालाच. आंघोळ, जेवण, डायपर, फिरवणं याला शिकवलेली मावशी पुरते. नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग, शिरेतलं इंजेक्शन असेल तर नर्सच हवी. नर्सिंगचे दोन कोर्स आहेत: एएनएम, म्हणजे सहाय्यक नर्सचा, २ वर्षांचा, आणि जीएनएम, म्हणजे पूर्ण नर्सचा, ३ वर्षांचा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दाखवायला सांगा. पांढरा कोट कापडाच्या दुकानातही मिळतो.

बाई ठरवताना नुसतं विचारू नका, करून दाखवायला सांगा. लकवा झालेल्या माणसाला खाटेवरून खुर्चीत बसवायचं, तर खुर्ची चांगल्या अंगाच्या बाजूला, खाटेला लागून ठेवायची. चाकं असतील तर आधी ब्रेक. पाय जमिनीला टेकलेले, आणि धरायचं ते कमरेला. लुळा हात किंवा काख धरून ओढणारी बाई नको. त्याने खांदा निसटतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं.

दुसरी परीक्षा पाठीची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज उजेडात बघायच्या. लाल डाग बोटाने दाबा. पांढुरका होऊन परत लाल झाला तर दाब वेळेवर कळला. दाबूनही लालच राहिला तर जखम सुरू झाली समजा. त्या अंगावर निजवायचं नाही, चोळायचं तर मुळीच नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतंय का ते बघावं. एअरबेड, म्हणजे पंपाने हवा भरणारी गादी, आणला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. आणि त्याचा पंप इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर वीज गेली की हवा हळूहळू उतरते आणि म्हातारा माणूस थेट फळीवर येतो.

आपला उन्हाळा हा वेगळाच विषय. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो आणि म्हातारपणी तहान कळत नाही. ‘पाणी हवं का?’ विचारलं की ‘नको’च येतं, विचारू नका, तासाला अर्धा पेला हातात द्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्या. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवावं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

बाया पुरवणाऱ्या ब्युरोशी बोलताना नुसत्या रेटवर अडू नका. १२ तास की २४, महिन्याच्या सुट्ट्या किती, बाई आली नाही तर बदली किती तासांत, आगाऊ पैसे परत मिळतात का, हे लिहून घ्या. २४ तासांच्या बाईला झोप लागणारच. रात्री चार-चार वेळा उठवावं लागत असेल तर दोन पाळ्या लावा. स्वयंपाक, धुणंभांडी तिच्याच गळ्यात घालाल तर पाठ बघायला तिला वेळ उरायचा नाही.

भाषाही बघा. विसरभोळेपणा वाढला की माणूस लहानपणच्या बोलीत शिरतो. आजी ‘माले पानी दे’ म्हणाल्या आणि समोरचीला अहिराणी कळत नसेल, तर आजी चिडचिड करतात असाच शेरा पडतो.

पहिले ३ दिवस घरचं कोणीतरी घरात थांबा. खाटेजवळ वही ठेवा: वेळ, पाणी, लघवी, संडास, औषध, कूस डावी की उजवी. पुण्याला परतलात की रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो मागवा. ‘सर्व ठीक’ एवढंच लिहिलेलं आलं, तर फोन करून दुपारी दोनला कूस कोणती होती ते विचारा.