गाळ्याचं भाडं आणि वाऱ्याचं वजन

नमस्कार. आजच्या विषयाचं नाव पत्रिकेवर ‘विक्रेत्यांसाठी शुल्क व अटी’ असं छापलंय. वाचूनच जांभई यावी असं. पण तुमच्यापैकी बरेच जण यंदा पहिल्यांदाच गाळा घेणार आहेत, आणि पहिल्या जत्रेत चांगला माल असलेली माणसंसुद्धा फॉर्मपाशी फसतात. मीही फसलोय, म्हणून जरा हक्कानं बोलतो.

गाळ्याचे पैसे म्हणजे जमिनीचं भाडं, असं आपण धरून चालतो. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या जत्रांत तर त्याचेही दोन भाग होते. मांडणी टाकायचे पैसे वेगळे, त्याला ‘स्टॉलेज’ म्हणत. खांब रोवायला जमीन उकरायचे वेगळे, त्याला ‘पिकेज’. खड्ड्याचेसुद्धा पैसे! पण जत्रेत तंटा झाला तर तिथल्या तिथे निवाडा करणारं न्यायालयही असायचं. धुळीनं माखल्या पायांनी येणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचं, म्हणून फ्रेंचवरून त्याचं नाव पडलं ‘पायपावडर’. आपल्याला वाटेल यातला ‘पाय’ योगायोगानं जुळला. तसं नाही, संस्कृत ‘पाद’ आणि फ्रेंच शब्दाचं लॅटिन मूळ ही सख्खी भावंडं आहेत. ब्रिस्टलचं असं न्यायालय कायद्यानं रीतसर गुंडाळलं गेलं ते थेट १९७१ साली. म्हणजे विक्रेता तेव्हाही जागेबरोबर बंदोबस्ताचे पैसे भरत होता. आजच्या फॉर्ममध्ये त्यात आणखी एक गोष्ट लपलेली असते: दिवस वाया गेला तर नुकसान कोणाचं?

हे आकड्यांत बघू. गाळ्याचं ठरीव शुल्क १०० धरा. दुसरीकडे एक संयोजक म्हणतो, ठरीव काही नको, विक्रीच्या १० टक्के द्या. विक्री १,००० झाली तर दोन्ही सारखेच. आता पाऊस आला, विक्री २०० वर अडकली. मालाचा खर्च ४० टक्के धरला तर हातात उरले १२०. ठरीव शुल्क भरलेल्याकडे राहिले २०, त्यातून गाडीभाडं आणि जेवण. टक्केवारीवाल्याकडे राहिले १००. उलट दिवस सोन्यासारखा गेला, विक्री ३,००० झाली, तर ठरीववाला १,७०० घेऊन घरी जातो आणि टक्केवारीवाला १,५००. ठरीव शुल्कात पाऊस तुमचा आणि ऊनही तुमचंच. टक्केवारीत दोन्ही वाटून. काही जण दोन्ही लावतात, किमान इतके आणि वर टक्के. अशा करारात पाऊस तेवढा तुमच्या वाट्याला येतो आणि उन्हात भागीदार निघतो. मी अशा ठिकाणी शक्यतो जात नाही.

नव्यांनी टक्केवारीकडे झुकावं, असं माझं मत. ज्याला आपली रोजची विक्री वर्षानुवर्षं ठाऊक आहे, त्यानं ठरीव घ्यावं. आणि शुल्काची तुलना करताना नुसता गाळ्याचा आकडा बघू नका. अर्जाचे पैसे (निवड झाली नाही तरी हे बहुधा परत मिळत नाहीत), कोपऱ्याच्या गाळ्याचे जादा पैसे, वीज, टेबल-खुर्च्या, विमा, पार्किंग, सगळं एका कागदावर मांडा. अनामत परत मिळते म्हणून ती यात धरू नका, पण ती कधी आणि कोणत्या कारणानं कापतात ते वाचा. कारागिरांमध्ये एक अंदाज चालतो: विक्री शुल्काच्या दहापट तरी व्हावी. तो काही नियम नव्हे. माल फार महाग बनत असेल तर दहापटही पुरत नाही.

आता अटी. लोक अटींना कटकट म्हणतात. मी त्यांच्याकडे जुन्या अपघातांची वही म्हणून बघतो. तंबूच्या प्रत्येक पायाला वजन बांधा, ही अट घ्या. तीन मीटर बाय तीन मीटरचा तंबू, म्हणजे नऊ चौरस मीटर कापड. ताशी ३६ किलोमीटरचा वारा त्यावर सरळ आदळला तर साधारण ५५ किलोचा जोर बसतो. वारा ५४ वर गेला की तोच जोर सव्वाशे किलोच्या घरात. वेग दीडपट, जोर सव्वादोन पट. तंबूचं स्वतःचं वजन किती, वीसेक किलो.

माझा पहिला तंबू फरसबंदीवर होता. खुंट्या ठोकायची सोय नाही. मी चारही पायांना दोरीनं पाण्याच्या बाटल्या लोंबकळत ठेवल्या होत्या. भवानी नुकतीच झाली होती, सुटे पैसे मोजत होतो, आणि कापडानं एकदम पोट फुगवलं. एक पाय वितभर वर उचलला गेला. बाटल्या झोके घेत शेजाऱ्याच्या मांडणीवर, खण्णकन. त्याची काचेच्या माळांची मांडणी होती. ती भरपाई त्या दिवसाच्या गल्ल्यातून गेली. तेव्हापासून २० लिटरचे चार भरलेले कॅन, पायाला खाली घट्ट आवळून. तरी हे झाले ८० किलो. सोसाट्याचा वारा सुटला की तंबू उतरवायचाच, तिथे हिशेब करत बसायचं नाही. आणि तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा मागतात तो यासाठी. माझ्याकडे नव्हता.

खाण्याचा गाळा असेल तर स्थानिक परवाना वेगळा काढावा लागतोच. पण जागतिक आरोग्य संघटनेचं साधं सूत्र कुठेही लागू: गार ते ५ अंशांखाली, गरम ते ६० अंशांवर, आणि शिजवलेलं बाहेर साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त नाही. थर्मामीटर जवळ ठेवा. तपासनीस हात धुवायचं पाणी आधी बघतो.

विजेचं एवढंच सांगतो की उष्णता देणारं प्रत्येक उपकरण खादाड असतं. दोन हजार वॉटची एक किटली लावायची, तर तेवढ्यात शेकडो एलईडी दिवे जळतात. फॉर्मवर वॉट खरे लिहा. खोटे लिहिलेत तर फ्यूज उडतो आणि अख्ख्या रांगेला तुमचं नाव पाठ होतं.

मघाशी मागून कोणीतरी विचारलं, शुल्कात घासाघीस करायची का? पहिल्या वर्षी बहुधा कोणी ऐकत नाही. त्यापेक्षा जागा मागा. तुमच्यासारखाच माल किती गाळ्यांवर आहे ते विचारा, आणि लाऊडस्पीकर, जनरेटर कुठे आहेत तेही. मी एकदा स्वस्तात मिळाला म्हणून जनरेटरशेजारचा गाळा घेतला. दोन दिवस प्रत्येक वस्तूची किंमत ओरडून सांगत होतो. ज्यांना ऐकू आली नाही ते हसून पुढे गेले, आणि ज्यांना आली त्यांना वाटलं, हा माणूस आपल्यावर चिडलाय.