माठाचं पाणी गार का? चला, स्क्रॅचमध्ये खेळता येणारा धडा करू

राम राम मंडळी! (माठ समोर ठेवत) मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास गेला की घरोघरी याचाच आधार. याच माठावर आज आपण प्राथमिकच्या पोरांसाठी धडा बनवतोय, स्क्रॅचमध्ये. अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेलं, पोरांनाही ठोकळे जोडून खेळ बनवता येतील असं हे सॉफ्टवेअर २००७ पासून सगळ्यांना मोफत आहे. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या शाळेला याचं मोल विचारा!

आधी वर्गात विचारा, पाणी गार कशानं होतं? कुणीतरी म्हणेलच, "सर, माटी थंडी ऱ्हास ना!" (माती थंड असते ना!) ते उत्तर खोडू नका. धडा तिथूनच सुरू करायचा.

पडद्यावर तीन भांडी ठेवा: कोरा माठ, ऑइलपेंट मारलेला माठ आणि स्टीलचा हंडा. सगळ्यात गार पाणी कशात? पोरानं एकावर बोट ठेवल्याशिवाय थर्मामीटर हलवायचा नाही. ही अट मी कधीच सोडत नाही. अंदाज केलेलं पोर जीव लावून बघतं.

रंगवलेला माठ निवडला, तर लगेच लाल फुली नको. माती तीच, मग अडलं कुठं? क्लिक केलं की माठाची भिंत मोठी दिसू द्या. रंगानं छिद्रं बुजली आहेत. कोऱ्या माठातून पाणी झिरपतं, वाफ होऊन उडतं आणि जाताना आतली उष्णता नेतं. किती? चमचाभर, म्हणजे ५ मिली पाणी उडताना जेवढी उष्णता घेतं, तेवढी काढली तर जवळपास ३ लिटर पाणी १ अंशानं उतरेल!

आता 'दमटपणा' नावाचा व्हेरिएबल, म्हणजे बदलता येणारा आकडा, करून त्याला स्लायडर, म्हणजे सरकवायची पट्टी, लावा. कमी केला की जळगावचा उन्हाळा, वाढवला की मुंबई. दमट हवेत पाणी कमी उडतं, माठ ढिला पडतो. तापमान कुठं थांबायचं ती मर्यादाही घाला, नाहीतर पडद्यावरच्या माठात बर्फ होईल आणि पोरं ते खरं मानतील.

प्रश्न वर्गातल्याच एखादीच्या आवाजात रेकॉर्ड करा, अहिराणीत, पावरीत, जी घरची बोली असेल तीत. ती सोय स्क्रॅचमध्येच आहे.

आणि खरी तीन भांडी आदल्या संध्याकाळी वर्गात भरून ठेवा. सकाळी थर्मामीटर बुडवा. आकडे पडद्याशी जुळले नाहीत, तर स्लायडर पोरांच्या हाती द्या.